टॉमकॅटचा डिफॉल्ट सर्व्हलेट: चांगलाय, पण ४८ केबीच्या आत

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं बाजारभावाचं पोर्टल म्हणा की पतसंस्थेचा हिशेब, छोटं जावा काम बहुधा एकाच मशीनवरच्या एकाच टॉमकॅटवर, म्हणजे जावा अ‍ॅप चालवणाऱ्या वेब सर्व्हरवर चालतं. सीएसएस-जेएस (पानाची सजावट आणि हालचाल सांभाळणाऱ्या फाइली) द्यायला त्याच्यापुढं एन्जिनएक्स हा वेगळा वेब सर्व्हर लावायची गरज नाही. टॉमकॅटमधला डिफॉल्ट सर्व्हलेट, म्हणजे अशा फाइली जशाच्या तशा देणारा त्याचा भाग, पुरतो. फक्त तो जसा येतो तसा ठेवू नका.

बसवायचं काहीच नाही. वॉरच्या (अ‍ॅपच्या गठ्ठा फाइलच्या) मुळाशी फोल्डर टाकलं की फाइल मिळायला लागते. फाइल बदलली का हे ब्राउझरला कळवणारी ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड ही हेडरं तो आपणहून पाठवतो, फोल्डरची यादी दाखवणंही आधीपासून बंद असतं. फाइल वेब-इन्फ फोल्डरच्या आत टाकली तर मात्र ४०४ (फाइल सापडली नाही) येणारच. तो भाग बाहेरून मागता येत नाही.

खरी गोम कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल दाबून लहान करून पाठवण्यात आहे. सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये कनेक्टरला (ब्राउझरची मागणी घेणाऱ्या भागाला) कॉम्प्रेशन 'ऑन' केलं की लहान सीएसएस दाबून जाते आणि माणूस निर्धास्त होतो. पण ४८ केबीच्या पुढची फाइल टॉमकॅट सेंडफाइलनं, म्हणजे सीपीयूचं काम वाचवत थेट पाठवतो, आणि सेंडफाइल आलं की कॉम्प्रेशन गेलं. म्हणजे दोनशे केबीच्या वरची बूटस्ट्रॅप ही तयार सीएसएस, जिला दाबायची सगळ्यात जास्त गरज, तीच अख्खी जाते. वावरात उभं राहून एका काडीच्या रेंजवर सोयाबीनचा भाव बघणाऱ्याला तोवर नुसतं उघडंबोडकं पान दिसतं. लॉगमध्ये याचा मागमूस नसतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-एन्कोडिंग हेडर आहे का, तेवढं बघायचं.

कनेक्टरवर 'यूज-सेंडफाइल' फॉल्स केलं की भागतं. त्याहून बरा उपाय म्हणजे कॉन्फ फोल्डरातल्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये डिफॉल्ट सर्व्हलेटला 'प्रीकॉम्प्रेस्ड' ट्रू द्या आणि बिल्ड होतानाच मूळ फाइलशेजारी तिची .जीझेड (आधीच दाबलेली) प्रत ठेवा. दर वेळी दाबायचा ताण सीपीयूवर पडत नाही. पण सर्व्हरवर जाऊन हातानं सीएसएस बदलली आणि .जीझेड तशीच राहिली, तर जुनाच रंग दिसत राहील. मग ब्राउझरच्या कॅशला (साठवलेल्या जुन्या प्रतींना) शिव्या घालू नका. ब्रॉटली या दुसऱ्या पद्धतीनं दाबलेली प्रतही चालते, पण ब्राउझर ती एचटीटीपीएसवरच मागतात.

फाइल ब्राउझरनं किती दिवस साठवायची हे सांगणारं कॅश-कंट्रोल हेडर डिफॉल्ट सर्व्हलेट स्वतः देत नाही. त्यासाठी टॉमकॅटचाच एक्स्पायर्स फिल्टर लावा, सीएसएसला महिनाभर मुदत द्या आणि फाइलच्या नावातच आवृत्ती घाला, म्हणजे फाइल बदलली की ब्राउझर नवीच मागेल.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा डिस्पॅचर सर्व्हलेट (मागण्या वाटून देणारा भाग) '/' वर बसवला की हा गडी बाजूला पडतो आणि सगळ्या सीएसएसला ४०४ लागतं. तेव्हा अ‍ॅपच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'डिफॉल्ट' नावाला '*.सीएसएस' आणि '*.जेएस' अशी मॅपिंग द्या.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या ४८ केबीपायी कापले.