आडवाटेवर डिझेल: तालुक्याचा पंप, गावचा पंप की डिकीतली डबकी?

नागपूर-अमरावती हायवेवर डिझेलची चिंता कोणी करत नाही. मेळघाटात परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला निघालं, किंवा गडचिरोलीत आलापल्ली सोडून भामरागडचा रस्ता धरला, की मात्र नजर सारखी काट्याकडे जाते.

आधी हिशेब करू. आलापल्ली ते भामरागड साधारण 65 किलोमीटर. हेमलकसा पाहून परत आलं तरी 140 च्या आतच. खड्डे, वळणं, एसी धरून हायवेवर 15 चा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी इथं 10 देते असं समजू. लागले 14 लिटर. टाकी 50-60 लिटरची! मग डिकीत वीस लिटरची डबकी, म्हणजे कॅन, कशाला? वास येतो, झाकण झिरपतं, आणि प्लास्टिकच्या डबकीत डिझेल द्यायला पंपवाले नाही म्हणू शकतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा डबकी कामी येईल असं सांगतात. पण पुरात गाडी उभी राहते, आणि उभी गाडी डिझेल पीत नाही.

म्हणजे खरी निवड दोन पंपांतली. मी तालुक्याचा पंप धरतो. तिथं ट्रक, एसटी, ट्रॅक्टर सगळेच भरतात, त्यामुळं माल पडून राहत नाही, आणि एका पंपावर संपलं तर दुसरा असतो. मेळघाटासाठी परतवाडा, भामरागडसाठी आलापल्ली किंवा अहेरी. तिथं काटा अर्ध्यावर असला तरी टाकी फुल करायची.

गावचा पंप वाईट असतो असं नाही. उलट मालक ओळखीचा होतो, चहाही पाजतो. पण जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आली की ट्रॅक्टर अन् ड्रमची रांग लागते, आणि टँकर उशिरा आला तर 'डिझेल नाही'ची पाटी. लाइन गेली तर जनरेटर चालू होईस्तोवर थांबा. नेटवर्क गेलं तर फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून दोन-तीन हजार रोख खिशात ठेवा. टँकर नुकताच रिकामा होत असेल तर तासभर थांबलेलं बरं, तळाचा गाळ ढवळलेला असतो. शंका आली तर घनता दाखवा म्हणा. टँकरच्या नोंदीपेक्षा घनमीटरला 3 किलोच्या वर फरक नको. 5 लिटरच्या मापानं मोजून मागायचाही हक्क आहे. नुसतं मागितलं तरी पंपावरचा पोऱ्या सरळ होतो.

किराणा दुकानातल्या बाटलीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. एकदा घेतली. वीसेक किलोमीटरवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला आणि गाडी हिसके देऊ लागली. मेकॅनिकनं फिल्टर उलटा केला न् म्हणाला, "भाऊ, अर्धं पाणीच हाय ना बाप्पा, काहून घेतलं शिशीतलं?" आताच्या बीएस-6 गाड्यांचा हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. त्यात रॉकेल मिसळलेलं असलं की तो घासतो, आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. अगदीच अडलात तर दुकानात न जाता ट्रॅक्टरवाल्याला विचारा. त्याला स्वतःच्या इंजिनाची काळजी असते. टाकी कोरडी मात्र पडू देऊ नका. डिझेलच्या नळीत हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून गाडी लगेच चालू होईलच असं नाही.

डबकी न्यायचीच असेल तर डीईएफची न्या, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात त्या युरियाच्या पाण्याची. ज्या गाडीला ते लागतं, तिच्यात ते पार संपलं की इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही, आणि जंगलातल्या गावात ते मिळेल याची खात्री नाही. आलापल्लीहून सिरोंच्याला जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच बघावं. तो टप्पा शंभरेक किलोमीटरचा आहे.