हरभऱ्याच्या बियाण्याच्या खोलीतील दोन टनांचा डक्टेबल एसी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाने हरभऱ्याचे बियाणे ठेवण्याच्या खोलीला यंदा मार्चमध्ये दोन टनांचा डक्टेबल, म्हणजे डक्टमधून (हवेच्या नळीतून) थंड हवा सोडणारा एसी बसवला. इथे टन हे वजनाचे नव्हे, थंड करण्याच्या क्षमतेचे माप आहे. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, त्यामुळे या बियाण्याला आधी वैशाखाचे ऊन आणि नंतर पावसाळ्याची झड असे दोन्ही सोसावे लागते. हवेचा प्रवाह कमीजास्त केला की हेच यंत्र दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते, हे आम्हाला वापरता वापरता कळले. बसवणाऱ्याने ते सांगितले नव्हते.

त्याने ब्लोअर, म्हणजे यंत्रातला हवा ढकलणारा पंखा, सर्वांत जास्त वेगावर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० घनफूट हवेवर लावून दिला होता. टनामागे ४०० घनफूट हे या धंद्यातले रूढ माप आहे आणि मे महिन्यात ते अगदी योग्य ठरले. बाहेर ४५ अंश तापमान असताना आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की यंत्रात जमणारे पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपमधून थेंबही पडत नव्हता. कॉइलची, म्हणजे हवा थंड करणाऱ्या, पातळ पत्रे लावलेल्या नळ्यांची, सगळी शक्ती हवा थंड करण्यातच खर्च होत होती आणि अशा वेळी जितकी जास्त हवा कॉइलवरून जाईल तितकी उष्णता जास्त निघते.

जुलैच्या झडीत मात्र खोलीचे तापमान २४ अंश असूनही आर्द्रता ७४ टक्क्यांवर अडून राहिली आणि कडेची पोती हाताला सादळलेली लागू लागली. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने वाढला तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा बियाणे साठवणुकीतला ढोबळ नियम आहे. म्हणून ही गोष्ट अंगावर काढण्यासारखी नव्हती.

मी ड्रेन पाइपखाली बादली लावली. कॉम्प्रेसर सलग चालू असताना जास्त वेगावर तासाला अडीच लिटरच्या आसपास पाणी मिळाले. दुसऱ्या दिवशी, पाऊस तसाच लागून असताना, मेकॅनिककडून ब्लोअरची तार मधल्या वेगावर जोडून घेतली, तेव्हा तितक्याच वेळात तीन लिटरांहून थोडे अधिक पाणी जमले. हवा सावकाश जाऊ लागली की कॉइल अधिक थंड राहते, तिला न शिवता निसटणारी हवा कमी होते आणि हवेतील बाष्प पत्र्यांवर जास्त धरते. याची किंमत अशी की यंत्राची एकूण क्षमता थोडी घटते, म्हणजे खोली थंड व्हायला वेळ लागतो. पावसाळ्यात तो तोटा आम्ही आनंदाने सोसला, कारण आठवड्याभरात आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत उतरली.

दुसरी चूक आमचीच होती. खोलीत हवा खेळती राहावी म्हणून आम्ही ब्लोअर अखंड चालू ठेवत होतो. कॉम्प्रेसर थांबला की कॉइलच्या पत्र्यांवर लटकलेले पाणी तोच वारा पुन्हा खोलीत नेतो; आर्द्रतामापकाचा आकडा दहा मिनिटांत आठ अंकांनी चढताना मी स्वतः उभा राहून पाहिला आहे. ब्लोअर ‘ऑटो’वर ठेवल्यापासून हा त्रास थांबला.

प्रवाह कमी करण्यालाही मर्यादा आहे. सप्टेंबरमध्ये शेजारच्या शेडमध्ये धान्य साफ करण्याचे काम चालू होते आणि त्या धुळीने फिल्टर गच्च झाला. हवा इतकी घटली की कॉइलवर बर्फाचा पांढरा थर धरला, थंडावा जवळजवळ बंद झाला आणि बर्फ वितळल्यावर पाणी खाली ठेवलेल्या पोत्यांपर्यंत आले. तेव्हापासून फिल्टर दर आठवड्याला धुतला जातो.

यंत्राबद्दल माझे मत चांगले आहे, पण त्याला कोणी आर्द्रता काढण्याचे स्वतंत्र यंत्र समजू नये. झडीत खोली लवकर थंड होते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो आणि बाष्प निघणे तिथेच थांबते. ५५ टक्क्यांच्या खाली आर्द्रता आम्हाला एकदाही नेता आली नाही. ज्यांना त्याहून कोरडी खोली हवी असेल त्यांनी अशा स्वतंत्र यंत्राचा, म्हणजे डीह्युमिडिफायरचा, खर्च आधीच धरावा. घेताना मोठ्या टनाचा मोहही टाळावा, कारण मोठे यंत्र आणखी लवकर थांबते.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात क्षमतेचा एकच आकडा आहे आणि तो बाहेर ३५ अंश, आत २७ अंश अशा ठरावीक परिस्थितीतला आहे. प्रत्येक वेगावर किती हवा जाते, त्यातून थंडावा किती आणि पाणी किती निघते, याचा तक्ता त्यात नाही. वेग बदलायला तर पेटी उघडून तार हलवावी लागते. बाहेर साधे तीन टप्प्यांचे बटण दिले असते तर मृग लागताच आम्हीच ते फिरवले असते आणि जुलैतली ती पोती सादळली नसती.