'पॉकेट बीगल'चे २९,२०० रुपये

मी इंदूरच्या कापड मार्केटात हिशेब लिहितो. दुसऱ्याच्या बिलातला पाच रुपयांचा फरक मला लांबून दिसतो. तरी २९,२०० गेले, तेही कुत्र्याच्या पिल्लापायी. आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

मुलीला बीगल हवा होता. सुदामानगरात आमच्या दोन खोल्या, म्हणून मी लहान चणीचा शोधत होतो. विकणाऱ्याने बरोबर तीच नस पकडली. म्हणे, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीकडे वीतभर उंचीचे 'पॉकेट बीगल' होते. गोष्ट खरी आहे, हेच तर दुखणं. तो वाण केव्हाच संपला, एवढंच त्याने गाळलं. आजचा बीगल १८३०च्या दशकात एसेक्समधल्या फिलिप हनीवूड या पाद्र्याने सशांच्या शिकारीसाठी पाळलेल्या कळपावरून आला. वास काढत मैलोन्मैल पळणारं जनावर ते, खांद्यापाशी ३३ ते ४० सेंटिमीटर. खिशात मावणारा गट कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याच केनेल क्लबच्या पुस्तकात नाही.

बुकिंगचे ५,०००, मग १८,५००, पिंजऱ्याचे ३,५००, लसींचे २,२००. पिंजरा म्हणून आला बिस्किटांचा खोका.

सरवटे बसस्टँडबाहेर एका पोऱ्याने तो हातात दिला. पिल्लू उचललं तेव्हा त्याची शेपटी माझ्या मनगटावर आली. टोक काळं. बीगलच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, आणि हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. आदल्याच रात्री! फोन लावला तर म्हणतो, "भिया, रंग तीन महीने में खुलता है." आता बीगलची पिल्लं काळी-पांढरी जन्मतात आणि तपकिरी मागाहून उमटतो, हे खरंच. पण पांढरं जन्मापासून असतं. मला अर्धं माहीत होतं, त्याने त्या अर्ध्यातच गुंडाळलं. शिवाय मुलीने त्याला छातीशी धरलेलं, नावसुद्धा ठेवून झालेलं. तिच्या हातातून काढून परत खोक्यात घातलं असतं का तुम्ही?

डॉक्टरांनी दुधाचे दात पाहिले, म्हणाले जेमतेम पाच आठवडे. लसीच्या पुस्तिकेत वय लिहिलेलं ६० दिवस. म्हणजे ते पॉकेट-बिकेट काही नव्हतं, तान्हं होतं म्हणून लहान. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. तो कागद आधी बघा, पैसे मग. लसीच्या पुस्तिकेवर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल तर ती रद्दी समजा. आमची रद्दीच होती. चौथ्या दिवशी पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार, त्याचे ६,८०० वेगळे. वाचलं बिचारं.

ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "कुत्ता तो मिल गया ना?" मिळाला, पण बीगल नाही. "तो ये दीवानी मामला है, सायबर में जाओ." सायबरवाले म्हणाले पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी कुणी मागितला नाही, मग सायबर कसलं? परत ठाण्यात. तिथे दुसरे साहेब. त्यांनी फोटो बघून विचारलं, "इसमें खराबी क्या है?" शेजारचा हवालदार हसला. शेपटीचं टोक कसं समजावणार त्यांना? तीन अर्ज, चार फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, आणि हातात फक्त शिक्का मारलेली आवक प्रत. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच करायचा असतो. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले, ती चूक माझी.

केनेल क्लबचा दाखला 'कुरिअरने येतोय' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. दाखल्यावर मायक्रोचिपचा नंबर असतो, डॉक्टरांकडून पिल्लाच्या मानेवर मशीन फिरवून तो जुळवून घ्या. आणि आईसकट पिल्लं न दाखवणाऱ्याला बुकिंगसुद्धा देऊ नका.

आमचा 'पॉकेट' आता अकरा महिन्यांचा आहे, खांद्यापाशी ५२ सेंटिमीटर. ओट्यावरची पोळी उभ्याने उचलतो.

त्या माणसाने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा भाच्याच्या फोनवरून पाहिलं, तर तोच जुना फोटो, 'लास्ट पीस', भाव आता ३२,०००. फोटोतल्या पिल्लाच्या शेपटीचं टोक पांढरंशुभ्र.