आर्सेनिक गाळायचंय: अ‍ॅल्युमिना, लोह की जांभा?

आर्सेनिक दिसत नाही, चवीला लागत नाही आणि उकळून जात नाही; पाणी आटतं तसं उलट ते दाटच होतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर ते नको. पश्चिम बंगालच्या गंगाकाठी आणि गडचिरोलीला खेटून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात बऱ्याच हातपंपांचं पाणी ही मर्यादा ओलांडतं. तिथल्या एखाद्या शाळेत किंवा वस्तीत गाळणटाकी बसवायची, तर आत कोणतं माध्यम, म्हणजे आर्सेनिक धरून ठेवणारा पदार्थ, भरायचं?

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, सगळ्यात जुना आणि ओळखीचा. तो फ्लोराइडही धरतो, कॉस्टिक सोड्यानं धुऊन पुन्हा वापरता येतो. पण त्याला आम्लाकडे झुकलेलं, सामू (पीएच) 5.5 ते 6 असलेलं पाणी मानवतं. भूजल सहसा 7 च्या पुढे असतं. शिवाय खोल, हवा न लागलेल्या पाण्यात आर्सेनिक बरंचसं तीन-संयुजी (As III) रूपात असतं. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे ते अ‍ॅल्युमिनातून निसटतं. आधी क्लोरीन देऊन ते पाच-संयुजी (As V), म्हणजे विद्युतभार असलेलं, करावं लागतं. धुतल्यावर उरणारं आर्सेनिकयुक्त सोड्याचं पाणी कुठे न्यायचं, हा प्रश्न वेगळाच.

दुसरा पर्याय लोहाचा. दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइड हे लोहाचं संयुग महाग आहे आणि बहुधा एकदाच वापरलं जातं. तरीही गावासाठी मी तेच निवडेन: नेहमीच्या सामूला ते काम करतं, दोन्ही रूपं बऱ्यापैकी धरतं आणि गावात सोडा-आम्ल हाताळावं लागत नाही. मात्र आर्सेनिक ज्या जागांवर चिकटतं, त्याच जागांवर पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिकाही हक्क सांगतात. पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर ते साचून टाकी तुंबते, म्हणून उलट्या धारेनं ती नियमित धुवावी लागते. विक्रेत्याचा क्षमतेचा आकडा शुद्ध पाण्यातल्या चाचणीचा असेल, तर तो बाजूला ठेवा.

तिसरा पर्याय आपल्या कोकणी डोळ्यांना परिचित, जांभा, म्हणजे लोहयुक्त लाल दगड. आयआयटी खरगपूरमध्ये आम्ल-अल्कली प्रक्रिया करून त्याची धारणशक्ती वाढवली गेली. स्वस्त आहे, चांगलाही आहे. पण प्रक्रिया केलेलाच. चिऱ्याचा चुरा माठात टाकून भागणार नाही.

निवडण्याआधी सामू, लोह, फॉस्फेट आणि आर्सेनिकचं रूप तपासून घ्या. फ्लोराइडही जास्त असेल आणि रसायनं हाताळणारा प्रशिक्षित माणूस असेल, तरच अ‍ॅल्युमिनाचा विचार करा.

वापरलेलं लोहमाध्यम तळ्यात, शेणखड्ड्यात किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका. हवा नसलेल्या जागी जिवाणू लोह विरघळवतात आणि धरलेलं आर्सेनिक सुटतं. बंगालच्या भूजलात ते आलं तेही याच वाटेनं. वापरलेलं माध्यम हवेशीर, छपराखालच्या, पाणी न झिरपणाऱ्या हौदात ठेवावं किंवा पुरवठादारानं परत न्यावं. ही अट खरेदीच्या करारात लिहून घ्या, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नियमित तपासणीचा खर्चही. कारण माध्यमाची क्षमता संपली तरी पाणी गढूळ होत नाही, धारही कमी होत नाही.