लक्सर ते अस्वान: क्रूझ घ्यावी की लक्सरलाच मुक्काम ठोकावा?

इजिप्तची तिकिटं काढून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाईलवरची क्रूझ घ्यायची, की लक्सरला हॉटेल धरून गाडीने मंदिरं पाहायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

क्रूझचं सुख नाकारण्यात अर्थ नाही. बॅग एकदा उघडली की अस्वानपर्यंत भरावी लागत नाही. मसुराचं सूप, भात, भाज्या रोज असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाचं अडत नाही. कोम ओम्बोचं मंदिर तर धक्क्याला लागूनच आहे. सोबत गुडघेदुखीवाले आईवडील असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, सरळ क्रूझ घ्या.

माझं बिनसलं ते वाटेतल्या एडफूच्या मंदिरापाशी. तिथे बोटी एकमेकींना खेटून लागतात, त्यामुळे धक्क्यावर जायला दुसऱ्यांच्या बोटींतून वाट काढावी लागते. बाहेर टांग्यांची झुंबड. भल्या सकाळी सगळ्या बोटींचे गट एकदमच मंदिरात शिरतात आणि गाईड एकमेकांवर आवाज चढवतात. इ. स. पू. २३७ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम इ. स. पू. ५७ मध्ये पुरं झालं. त्याच्या वाट्याला आमच्याकडून जेमतेम नाश्त्यापर्यंतचा वेळ आला. बाहेरच्या तटाच्या आतल्या अंगाला होरस देव पाणघोड्याच्या रूपातल्या त्याच्या शत्रूला, सेत देवाला, भाल्याने मारतोय असं शिल्प आहे. पाणघोडा मुद्दाम एवढासा कोरलाय, कारण चित्रातलं संकटही जिवंत होऊ शकतं अशी त्या लोकांची समजूत. ते नीट शोधेपर्यंत गाईडने छत्री उंचावून परतीची खूण केली.

पुढे लक्सरला राहिलो तेव्हा थंडीतल्या एका दुपारी गाडी करून पुन्हा एडफूला गेलो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्या भिंतीपाशी मी आणि एक कंटाळलेला पहारेकरी, एवढेच. रोज असंच असेल असं नाही, आणि उन्हाळ्यात हा उद्योग करू नये.

इतिहास समजून घ्यायचा असेल तर आणखी एक अडचण आहे. बोटीच्या वाटेवरची एस्ना, एडफू, कोम ओम्बो आणि शेवटी फिले ही मंदिरं आज दिसतात ती मुख्यतः ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या आणि रोमनांच्या काळातली. लक्सरच्या कर्नाक मंदिरातला १३४ खांबांचा मंडप उभारणारे राजे सेती पहिला आणि रामसेस दुसरा त्यांच्या हजारेक वर्षं आधीचे. सेतीचं सगळ्यात देखणं काम अबायडोसच्या मंदिरात आहे, पण ते लक्सरच्या उत्तरेला, आणि नेहमीच्या बोटी जातात दक्षिणेला. तिथल्या भिंतीवर ७६ राजांच्या नावांची यादी आहे. पण त्याच्याआधी राज्य केलेल्यांपैकी तीत हातशेपसुत नाही, अखेनातेन नाही, तुतनखामुनही नाही. कोणाला पूर्वज म्हणायचं हे सेतीने स्वतःच ठरवलेलं. येताना वाटेत देंदेराचं मंदिर होतं. काजळी साफ केल्यावर उजळलेलं निळं छत आणि मागच्या भिंतीवर मुलासह क्लिओपात्रा. राशीचक्र मात्र तिथे नक्कल आहे, अस्सल पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात.

लक्सरला राहण्याचा त्रास आहेच. गाडीवाल्याशी घासाघीस करावी लागते, अबायडोस-देंदेराला अख्खा दिवस जातो, आणि अस्वानसाठी वेगळी रेल्वे पकडावी लागते. मुक्काम पश्चिम काठावर घेतलात तर मेदिनेत हाबू हाकेच्या अंतरावर येतं. रामसेस तिसऱ्याचं हे मंदिर कर्नाकपेक्षा कितीतरी निवांत, आणि कोरीवकाम इतकं खोल की बोट आत जावं.

हाताशी थोडेच दिवस असतील आणि आराम हवा असेल तर क्रूझ वाईट नाही. मला विचाराल तर लक्सर. नदीची हौस अस्वानला फलुका, म्हणजे शिडाची छोटी होडी, भाड्याने घेऊनही भागते. फक्त भाडं आणि किती वेळ फिरवणार, हे दोन्ही चढण्याआधी ठरवून घ्या.