मानेची शीर ‘मोकळी’ करून बीपी घालवणाऱ्यांपासून सावध राहा

राजारामपुरीत एका सभागृहात भरलेल्या शिबिरात माझ्या आईकडून नोंदणीचे ५००, मानेच्या विजेरी पट्ट्याचे १८,५०० आणि ‘सिटिंग’चे ६,००० असे एकूण २५,००० रुपये उकळण्यात आले. मोफत तपासणी, ‘फक्त आजची सवलत’ वगैरे प्रकार सर्वांनाच ठाऊक आहेत. माझा संताप आहे तो प्रात्यक्षिकाबद्दल.

जिना चढून आलेल्या आईला क्षणभरही टेकू न देता, हात लोंबता ठेवून रक्तदाब मोजला: १६८/९६. मग “मावशी, मान सैल सोडा” म्हणत शिबिरातल्या माणसाने जबड्याखाली, नाडी उडते तिथे, अंगठा दाबून धरला आणि यंत्राने १३८/८२ दाखवले. आईला अंधारी आली, तेव्हा तो म्हणाला, “शीर मोकळी होतेय!” सारे बिंग त्याच क्षणी उघडे पडायला हवे होते. तिथे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो. तिच्या भिंतीवर ताण आला की ग्लॉसोफॅरिंजियल नस (रक्ताची नव्हे, संदेश नेणारी) मेंदूला दाब वाढल्याचे कळवते आणि मेंदू व्हेगस नसेमार्फत हृदयाची गती कमी करतो. अंगठा काढला की थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. धमनीत चरबीचा थर साचलेल्या वृद्धांना अशा दाबण्याने पक्षाघातही होऊ शकतो, म्हणून मानेला कोणालाही हात लावू देऊ नका.

पट्ट्याने धापही थांबते, असे सांगताना पत्रकात नोबेलचा दाखला होता. त्याच फाट्याशी असलेली, तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी रक्तातला प्राणवायू घटला की श्वास वाढवायला लावते, हे खरे. यासंबंधीच्या संशोधनासाठी बेल्जियन शास्त्रज्ञ हेमान्स यांना १९३८चे नोबेल मिळाले, हेही खरे. खऱ्या विज्ञानाला बेमालूम चिकटवलेली ही लबाडी माझ्या आईनेच काय, कोणीही एका बैठकीत कशी ओळखावी?

पोलिसांनी विचारले, “पट्टा मिळाला ना, मग फसवणूक कसली?” औषधांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने पट्टा औषध नव्हे म्हणून हात झटकले आणि आम्हाला पुन्हा पोलिसांकडेच धाडले. वास्तविक १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत रक्तदाबाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी विकलेली, अन्न सोडून कोणतीही वस्तू त्या कायद्यात ‘औषध’च ठरते. हे कलम कार्यालयात बसणाऱ्यांना आम्ही वाचून दाखवायचे का?

पत्रक जपून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा आहे. ‘देणगी’ लिहिलेली पावती घेऊ नका. आईच्या हाती तीच दिली होती, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंदवलेली आमची तक्रार आता त्याच एका शब्दापाशी अडली आहे.