लोटस नोट्स सोडलं: बाणेरच्या मायग्रेशनवाल्यांचं काम कसं झालं

आमची भोसरी एमआयडीसीतली फॅक्टरी, ब्रेकचे सुटे भाग करतो. मी १९९८ साली लागले तेव्हा माझ्या खात्याला ईडीपी म्हणायचे, आता आयटी म्हणतात. माणसं तेवढीच, दीड. मी एक, आणि अकाउंट्समधला मुलगा दुपारनंतर अर्धा. परदेशी भागीदाराच्या आग्रहाने इथे लोटस नोट्स आलं, म्हणजे मेल आणि कामाच्या कागदांचे डेटाबेस एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. २००९ मध्ये भागीदार गेला, नोट्स राहिलं.

आधीच सांगते, मला नोट्सचा राग नाही. पासवर्ड टाकताना बदलत जाणारी ती चित्रलिपी, रिफ्रेश करायला म्हणून एफ-५ दाबलं की खोली बंद झाल्यासारखं पुन्हा पासवर्ड मागणं, यावर सगळे हसायचे. पण २००१ मध्ये आमच्या दुसऱ्या युनिटला ५६ केबीपीएसचं डायल-अप होतं. संध्याकाळी दहा मिनिटं फोन जोडून रेप्लिकेशन करायचं, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती सारख्या करायच्या, आणि दिवसभर लाइनशिवाय काम करायचं. ते दुसऱ्या कुणाला तेव्हा एवढं सोपं जमत नव्हतं. नोट्स बाजारात आलं १९८९ मध्ये. आयबीएमने १९९५ मध्ये अख्खी लोटस कंपनी साडेतीन अब्ज डॉलरला घेतली. २०१९ पासून ते एचसीएलकडे आहे आणि आजही विकलं जातं. म्हणजे मेलेलं काही नाही. मेलं होतं ते आमचं. व्हर्जन ८.५, तेही विंडोज सर्व्हर २००८ वर, ज्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. एका मोठ्या ग्राहकाची सायबर सुरक्षेची प्रश्नावली आली, त्यात 'ऑपरेटिंग सिस्टीम' या रकान्यात काय लिहायचं ते मला तीन दिवस सुचेना. मग सगळं नव्या जागी हलवायच्या कामावर, म्हणजे मायग्रेशनवर, साहेबांनी सही केली.

तीन कोटेशनं मागवली. एकाने फोनवरच प्रति मेलबॉक्स दर सांगून टाकला, किती डेटाबेस आहेत हेही विचारलं नाही. दुसऱ्याने आमच्या वर्षाच्या चहाच्या बिलापेक्षा कमी आकडा दिला, तेव्हाच दचकायला झालं. तिसरी ही बाणेरची कंपनी. करारात कलम आहे म्हणून नाव लिहीत नाही. मेलबॉक्सचे वेगळे आणि ॲप्लिकेशनचे वेगळे असे मिळून साधारण साडेनऊ लाख, शिवाय मायक्रोसॉफ्ट ३६५ चं, म्हणजे जिथे मेल हलवायचा त्या सेवेचं, लायसन्स दरवर्षी.

मेलचं काम म्हणाल तर चोख. १३७ मेलबॉक्स, सव्वासहाशे जीबीच्या आसपास. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर एका वेळी किती घ्यायचं याला लगाम घालतो, म्हणून रोज रात्री थोडं थोडं, एकोणीस रात्री. मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स रेकॉर्ड. त्याचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद बाकीचे किती वेळ धरून ठेवतात तो काळ, त्यांनी दोन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणला होता. शुक्रवारी रात्री दहाला बदल केला, साडेदहाला पहिला मेल नव्या घरी पोचला. शिवाय शॉपच्या सुपरवायझरांना मोठं लायसन्स लागत नाही, किऑस्कवालं छोटं पुरेल, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्याचा मेलबॉक्स दोन जीबीचाच असतो. तेव्हा आमच्या सुपरवायझरांनी वर्षानुवर्षं साठवलेले खराब कास्टिंगचे फोटो आधी वेगळे काढून फोल्डरला ठेवावे लागले. ते कंटाळवाणं काम त्यांच्याच मुलांनी केलं.

एनक्रिप्टेड मेलचा मात्र गोंधळ. निवृत्त झालेले आमचे परचेसचे साहेब प्रत्येक मेलवर 'एनक्रिप्ट'ची टिकली मारायचे. का, ते त्यांनाच ठाऊक. असा मेल त्या माणसाची आयडी फाइल आणि पासवर्ड असल्याशिवाय उघडत नाही, कॉपी केला तरी कुलूप तसंच. फाइल माझ्या स्टीलच्या कपाटातल्या सीडीवर सापडली. पासवर्डसाठी साहेबांना चिंचवडला फोन लावला. म्हणाले, "अहो मॅडम, माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर." तो त्यांना तोंडपाठ होता. स्कूटर विकून पंचवीस वर्षं झाली होती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आमच्या सर्व्हरवर २१२ डेटाबेस होते. त्यांच्या टूलने वापराची नोंद काढून रंगीत तक्ता दिला: हिरवे हलवायचे, पिवळे विचारून, लाल काढून टाकायचे. लाल यादीत 'आरजीपी' होतं. आरजीपी म्हणजे रिटर्नेबल गेटपास, जो माल जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर जातो आणि परत यायचा असतो. टूलचं म्हणणं, हा डेटाबेस तीन वर्षांत कुणी उघडलेलाच नाही. खरं होतं. मीही मान डोलावली, कारण चलनं आता ईआरपीतूनच, म्हणजे फॅक्टरीचा माल-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच, निघतात.

त्यांच्या टीममध्ये एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी सेफ्टी शूज मागून घेतले आणि दोन दिवस स्टोअरमध्ये खुर्ची टाकून बसल्या. तिथे नोटीस बोर्डला टाचलेला एक कागद त्यांना दिसला: कुठल्या व्हेंडरकडे कुठला माल किती दिवस अडकला आहे त्याची यादी. "दादा, हे कुठून येतं?" स्टोअरवाले म्हणाले, "रोज सकाळी सातला मेल येतो, आम्ही प्रिंट मारतो." कोण पाठवतं? कुणालाच माहीत नाही. येतो, एवढंच.

तो मेल पाठवत होता त्याच लाल डेटाबेसमधला एक एजंट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. रात्री दोन वाजता ईआरपीची फाइल वाचायचा, दिवस मोजायचा, सकाळी सातला मेल टाकायचा. माणसाने डेटाबेस उघडायची गरजच नव्हती, म्हणून वापर शून्य. कोड २००४ चा, कंत्राटावर आलेल्या कुठल्याशा मुलाने लिहिलेला. त्यात एक्साइजच्या काळातला १८० दिवसांचा नियम होता, आणि जीएसटी आल्यावर कुणीतरी, बहुधा मीच, तिथे वर्षाचा आकडा घातलेला. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच पुरवठा केला असं धरतात आणि कर व्याजासह बसतो. सर्व्हर बंद केला असता तर तो कागद नुसता यायचा थांबला असता. पहिले काही महिने कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

बाईंनी परत जाऊन सगळी लाल यादी नव्याने तपासली. या वेळी प्रश्न 'कोण उघडतं' हा नव्हता, 'यातून काय बाहेर पडतं' हा होता. असे आणखी चार एजंट निघाले. तुम्ही कुणालाही हे काम देणार असाल तर पहिल्या मीटिंगमध्ये विचारा, तुमचं माणूस स्टोअरला आणि गेटवर किती दिवस बसणार. उत्तरादाखल टूलचं नाव सांगितलं तर चहा पाजून पाठवा.

दुसरी मजा सूचना पेटीची. २००१ पासून कामगारांच्या चार हजारांवर सूचना, सगळ्या मराठीत, सगळ्या श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये खरी देवनागरी नसतेच. आत इंग्रजी कोड, वर मराठी अक्षराचा मुखवटा. नव्या जागी मुखवटा गळला आणि पौंडाची चिन्हं, टिंबवाली युरोपी अक्षरं असं काहीतरी दिसायला लागलं. त्यांच्या एका मुलाने कन्व्हर्टर लिहिला, पण पहिल्या खेपेला 'स्थिती'चं 'सि्थती', 'वर्कशॉप'चं 'वकर्शॉप'. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. जोडाक्षर आलं की साधा नियम घसरतो. तो मुलगा मूळचा इंदूरचा, मराठी घरातला, त्याने चिकाटीने चार खेपा केल्या. आता शंभरात दोन-तीन शब्द चुकतात, आणि २००६ साली कँटीनच्या पोह्यांबद्दल कोण काय म्हणालं होतं ते शोधून सापडतं.

तक्रारी दोन. सोमवारी सकाळी ईआरपीतून ग्राहकांना जाणारे डिस्पॅचचे मेल अडकले. ईआरपी, लॅबचं मोजमाप मशीन आणि दोन स्कॅनर हे सगळे जुन्या सर्व्हरच्या आडून मेल टाकत होते, आणि नव्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे आमच्या नावाने मेल टाकायची मुभा कुणाला त्या यादीत, आमचा स्टॅटिक आयपी (फॅक्टरीचा कायमचा इंटरनेट पत्ता) घालायचाच राहिला. ही त्यांची चूक. साडेअकराला सुरळीत झालं, पण तोवर दोन गाड्या ग्राहकाच्या गेटबाहेर उभ्या होत्या आणि फोन मी घेत होते.

दुसरी, कोटेशनमध्ये 'डॉकलिंक जतन होतील' असं लिहिलं होतं. डॉकलिंक म्हणजे मेलमधलं ते छोटं चित्र, दाबलं की थेट मूळ कागद उघडायचा. जतन झाल्या म्हणजे काय, तर प्रत्येकीची 'नोट्स'ने सुरू होणारी लिंक झाली, जी फक्त नोट्स बसवलेल्या कॉम्प्युटरवर उघडते. जे सोडायला पैसे दिले तेच ठेवा म्हणणं झालं. विचारलं तर म्हणे, "मॅडम, लिंक आहे ना?" बाई त्या मीटिंगला नव्हत्या, सेल्सचा मुलगा होता.

पाचपैकी साडेतीन. बाई तुमच्या कामावर येणार असतील तर साडेचार.

क्वालिटीच्या मेलमधल्या ४१ डॉकलिंक ऑडिटला लागतात. त्या शेअरपॉइंटवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या जागी ठेवलेल्या, कागदांना जोडून मिळेपर्यंत बिलाचे शेवटचे दहा टक्के मी थांबवलेत. हिशेबाची कागदपत्रं कायद्याने आठ वर्षं ठेवायची असतात, म्हणून जुना सर्व्हर नेटवर्कवरून काढून माझ्या टेबलाखाली ठेवलाय. कुणी काही जुनं मागितलं की चालू करते. चित्रलिपी अजून येते.